बेस कोण वाजवतंय?

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कोणी भांडी घासता घासता.

मागच्या एका भागात मी बोलता बोलता म्हणून गेले की मी जॅझच्या रेकॉर्ड्स जमवते. रेकॉर्ड म्हणजे ती काळी, गोल, बारा इंची तबकडी. त्यावर इतके व्हॉइस नोट्स आले की म्हटलं, यावर एक अख्खा भागच करूया. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, आणि आमच्या बाबांचाही तोच असतो: "अगं, फोनवर सगळं मिळतं. महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत लाखो गाणी. मग एका तबकडीला तीन-चार हजार कशाला घालवायचे?"

प्रश्न रास्त आहे. मी कोड लिहून पोट भरते, म्हणजे खर्च आणि फायदा यांचा हिशेब मांडायची सवय आहे. म्हणून आज तो हिशेब तुमच्यासमोरच मांडते. लोक रेकॉर्ड घ्यायची साधारण तीन कारणं सांगतात. एक, आवाज चांगला असतो. दोन, ती 'ओरिजिनल' असते. तिसरं कारण कोणी फारसं सांगत नाही, आणि मी ज्यासाठी पैसे मोजते ते हेच तिसरं. एकेक करून बघू.

आधी आवाज.

रेकॉर्ड म्हणजे काय, तर प्लॅस्टिकवर कोरलेली एक लांबच लांब खाच. बाहेरून सुरू होते आणि गोल गोल फिरत आत जाते. खाचेच्या दोन भिंती असतात. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये एका भिंतीवर डावा चॅनल, दुसऱ्या भिंतीवर उजवा. सुई त्या खाचेतून जाते, थरथरते, आणि त्या थरथरीतून वीज तयार होते. बस, एवढंच. यात चिप नाही, फाइल नाही. हे मला अजूनही भारी वाटतं.

पण इंजिनिअर म्हणून यातले लोचेही दिसतात. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे मारते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला ती फेरी साधारण ९२ सेंटिमीटरची असते, म्हणजे सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते. तीच सुई आत लेबलजवळ पोचली की फेरी छोटी होते आणि सेकंदाला जेमतेम २१ सेंटिमीटर मिळतात. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा! म्हणून बाजू संपत आली की ट्रम्पेट, झांजा वगैरे जरा खरखरीत वाटतात. पुष्कळ जुन्या रेकॉर्ड्सवर बाजूच्या शेवटी शांत, संथ तुकडा असतो, तो तिथे सोयीचाही पडतो.

अजून एक. खालचे सूर, म्हणजे बेस, जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर दोन-तीन गाणीच मावतील. म्हणून कोरताना बेस कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना बरोबर उलटं करतात. याचं प्रमाण अमेरिकेत १९५४ च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. टर्नटेबलला फोनो प्रीअँप लागतो तो यासाठीच. थोडक्यात, एन्कोड आणि डीकोड. आपण रोज ऑफिसात करतो तेच.

मग आवाज चांगला असतो का? कागदावरच्या आकड्यांत सीडी पुढे आहे. हळू आणि मोठा आवाज यांतलं अंतर सीडीवर जास्त मावतं, आणि खरखर शून्य. रेकॉर्डचा आवाज वेगळा असतो, अनेकांना आवडतो, मलाही आवडतो. पण "ॲनालॉग म्हणजेच अस्सल" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की त्याला २०२२ सालची गोष्ट सांगायची.

अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी आहे. जुन्या मास्टर टेपवरून महागड्या रेकॉर्ड्स काढते, जॅझच्याही. ऑडिओवाले तिच्यावर जीव टाकायचे, का तर टेपपासून तबकडीपर्यंत सगळं ॲनालॉग, असा त्यांचा समज. २०२२ मध्ये बाहेर आलं की कंपनी कित्येक वर्षं मध्ये एक डिजिटल पायरी वापरत होती. टेपची आधी डिजिटल कॉपी, मग त्यावरून रेकॉर्ड. प्रचंड गदारोळ झाला, कोर्टकचेरी झाली, कंपनीला ग्राहकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. ग्राहकांचा राग बरोबरच होता, कारण माहिती लपवली गेली होती. पण गंमत बघा. ज्यांनी आयुष्यभर "डिजिटल मला लगेच कळतं" असं सांगितलं, त्यातल्या कोणाच्या कानाला इतकी वर्षं ते कळलं नव्हतं. म्हणून आवाजासाठी तीन हजार घालवा, असं मी कोणाला सांगणार नाही.

दुसरं कारण: ओरिजिनल.

इथे मी जगातल्या बहुधा सगळ्यात लाडक्या जॅझ रेकॉर्डचं उदाहरण घेते. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कमध्ये ३० व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, जुन्या चर्चच्या इमारतीत. तिथे १९५९ मध्ये फक्त दोन दिवसांत ही रेकॉर्ड झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. ऑगस्टमध्ये बाजारात आली. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्चची.

त्या दिवशी ज्या मशीनवर मुख्य टेप चालू होती, ते मशीन किंचित हळू चालत होतं. आता डोकं लावा. हळू चालणाऱ्या मशीनवर रेकॉर्ड केलेलं, बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवलं तर काय होईल? वेग वाढेल, सूर चढेल. म्हणजे १९५९ पासून जगभर लोकांनी ऐकलेली पहिली बाजू जराशी चढ्या पट्टीत होती. रेकॉर्डबरोबर वाजवायचा प्रयत्न करणारे कित्येक वादक चक्रावले असतील, आपलं वाद्य बेसूर लागलंय की काय म्हणून. सुदैवानं त्या दिवशी दुसरं, जादाचं मशीनही चालू होतं आणि ते बरोबर वेगात होतं. १९९२ मध्ये त्या बॅकअप टेपवरून बरोबर पट्टीतली आवृत्ती निघाली. मंडळी, बॅकअप घेत जा, एवढंच म्हणेन.

म्हणजे आज कोणी भरपूर पैसे मोजून १९५९ ची पहिली प्रत घेतली, तर त्याला काय मिळतं? चढ्या पट्टीतली पहिली बाजू. वर, अगदी सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावं उलटसुलट छापली होती. आणि आत्ताची नवी प्रत घेणाऱ्याला बरोबर सूर मिळू शकतो. मग ओरिजिनल कोणाला म्हणायचं? वस्तू म्हणून पहिली प्रत अमूल्य आहे, इतिहास आहे तो. पण स्टुडिओत माइल्सनं जो सूर लावला, तो तिच्यात नाहीये.

या ओरिजिनलच्या वेडाची अजून एक बाजू आहे, आणि ती मला खरंच टोचते. त्यासाठी ब्लू नोट या कंपनीबद्दल सांगते.

ब्लू नोट १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. बर्लिनहून आलेला आल्फ्रेड लायन हा त्यातला मुख्य माणूस. त्याचा बर्लिनचाच मित्र फ्रान्सिस वुल्फ स्टुडिओत फोटो काढायचा. पुढे रीड माइल्स नावाच्या डिझायनरनं त्या फोटोंवरून अशी कव्हर्स केली की आजही पोस्टरवाले त्यांची नक्कल करतात. आणि आवाज टिपणारा होता रूडी व्हॅन गेल्डर. हा दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा, म्हणजे पेशानं ऑप्टोमेट्रिस्ट, आणि रेकॉर्डिंग करायचा न्यूजर्सीत हॅकेनसॅकला, आईवडिलांच्या घरच्या दिवाणखान्यात! साइड प्रोजेक्ट म्हणतो ना आपण, तसं. १९५९ मध्ये त्यानं स्वतःचा मोठा स्टुडिओ बांधला. पण कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' १९५७ मध्ये त्या दिवाणखान्यातच झाली.

आता जमवणाऱ्यांचा खेळ कसा चालतो बघा. रेकॉर्डवर शेवटचं गाणं संपतं, तिथपासून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. ती उजेडात तिरकी धरायची. त्यावर बारीक अक्षरं दिसतात. व्हॅन गेल्डरनं स्वतः तबकडी कोरली असेल तर 'आरव्हीजी' ही अक्षरं किंवा त्याच्या नावाचा शिक्का असतो. शिवाय कानासारखी दिसणारी एक खूण असली, तर ती प्रत प्लॅस्टिलाइट नावाच्या कारखान्यात दाबलेली. ब्लू नोट दुसऱ्या कंपनीनं विकत घेतल्यावर १९६६ च्या सुमारास तो कारखाना सुटला, म्हणजे ती खूण असेल तर प्रत त्याआधीची. मग लेबलवर कंपनीचा पत्ता काय छापलाय, तेही बघायचं. पत्ता बदलत गेला, त्यावरून साल लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट हिस्टरी वाचण्यासारखंच आहे हे. मला यात खूप मजा येते, खोटं कशाला बोलू.

पण हा खेळ शेवटी कुठे जातो? सॅक्सोफोनवादक हँक मोबलीची एक रेकॉर्ड आहे, कॅटलॉग नंबर १५६८, रेकॉर्डिंग १९५७ चं. तेव्हा तिच्या प्रती कमी निघाल्या. आज तिची पहिली प्रत हजारो डॉलरला जाते. हँक मोबली १९८६ मध्ये गेला, वयाच्या ५५ व्या वर्षी. शेवटची वर्षं आजारपणात आणि हलाखीत गेली, फुप्फुसांच्या त्रासामुळे वाजवणंही जवळपास थांबलं होतं. त्या जुन्या प्रतीच्या प्रत्येक विक्रीत पैसे एका जमवणाऱ्याकडून दुसऱ्या जमवणाऱ्याकडे जातात. ज्यानं फुंकलं, त्याच्या घरी त्यातला एक डॉलरही जात नाही. हे कळल्यावर मी माझ्यापुरता नियम केला: महागड्या पहिल्या प्रतीच्या मागे धावायचं नाही. चांगल्या मास्टरवरून निघालेली नवी प्रत घ्यायची. निदान अधिकृत प्रतीवर रॉयल्टीची शक्यता तरी असते.

मग उरलं काय? आवाजाचा दावा लंगडा, ओरिजिनलचा दावाही लंगडा. तरी माझ्या कपाटात साठेक रेकॉर्ड्स आहेत. आता तिसरं कारण.

रेकॉर्ड उलटी करा. मागची बाजू बघा. जॅझच्या रेकॉर्डवर, विशेषतः त्या काळच्या, मागे सगळ्यांची नावं असतात. ट्रम्पेट कोण, पियानो कोण, बेस कोण, ड्रम्स कोण. कुठे झाली, आवाज कोणी टिपला, कव्हर कोणी केलं. एक लांबलचक लेखही असतो. 'काइंड ऑफ ब्लू'चा लेख तर पियानोवादक बिल इव्हान्सनंच लिहिलाय.

आता फोनवर तेच गाणं लावा. कव्हर दिसतं नखाएवढं. नाव दिसतं माइल्स डेव्हिस. बास. क्रेडिट्स शोधायला तीन ठिपके दाबायचे, खाली जायचं, आणि तिथेही बऱ्याचदा संगीतकार आणि निर्माता एवढंच. बेस कोण वाजवतंय? माहीत नाही. खोलीत सहा माणसं होती, दिसतो एकच.

मी त्या बेसवाल्याचंच नाव सांगते: पॉल चेंबर्स. 'काइंड ऑफ ब्लू'मधलं पहिलं गाणं ऐकलं असेल तर सुरुवातीची ती धून बेसवर आहे, बाकीचे तिला नुसतं उत्तर देतात. तो पॉल चेंबर्स. मी कव्हरच्या मागे नाव वाचलं आणि लक्षात ठेवलं. मग 'ब्लू ट्रेन' घेतली, मागे बघते तर बेसवर पॉल चेंबर्स. कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स', तिथेही तोच. त्यात 'मिस्टर पी. सी.' नावाचं गाणं आहे, ते त्याच्याच नावावरून. हँक मोबलीची 'सोल स्टेशन', १९६० ची, पुन्हा तोच. आणि ती हजारो डॉलरची १५६८? तिच्यावरही तोच! 'काइंड ऑफ ब्लू'चा दुसरा दिवस २२ एप्रिल १९५९ होता, त्या दिवशी पॉल चेंबर्स २४ वर्षांचा झाला. वाढदिवसाला कामावर. १९६९ मध्ये, ३३ व्या वर्षी तो गेलासुद्धा.

माझ्यापेक्षा लहान वयात त्यानं हे सगळं करून ठेवलं होतं. आणि कव्हरची मागची बाजू वाचली नसती तर मला त्याचं नावही कळलं नसतं. अल्गोरिदमनं मला "यासारखं अजून" खूप ऐकवलं. पण एका माणसाचा हात धरून या रेकॉर्डवरून त्या रेकॉर्डवर मला नेलं ते त्या छापील यादीनं.

तुम्ही म्हणाल, नावानं एवढा काय फरक पडतो? तर आपल्याच घरचं उदाहरण घ्या. मुंबईत जॅझ १९३० च्या दशकापासून होतं. ताजमहाल हॉटेलमध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवायचे, आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्याकडून शिकत, गोव्याचे वादक तयार झाले. अल्दोन्याचे चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हीच मंडळी दिवसा फिल्मच्या स्टुडिओत असायची. सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे, यांच्या 'अलबेला'त, म्हणजे १९५१ मध्ये, जो ठेका आणि ट्रम्पेट ऐकून आजही लग्नात पाय थिरकतात, त्यात चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा यांची. पण फिल्मच्या रेकॉर्डच्या मागे काय छापलेलं असायचं? संगीतकार, गीतकार, गायक. ट्रम्पेट कोणाचा, व्हायोलिनची ओळ कोणी लिहिली, काही नाही. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरात पोचलं ते १९७७ मध्ये, 'अमर अकबर अँथनी'तल्या पात्राच्या नावातून. आणि खरंच असा एक माणूस होता, हे कित्येकांना आजही माहीत नाही.

एकाच काळातल्या दोन तबकड्या. एकीच्या मागे वादकांची नावं, म्हणून पॉल चेंबर्सला मी आज, इथे पुण्यात बसून ओळखते. दुसरीच्या मागे ती जागा कोरी, म्हणून आपल्याच गोव्याच्या वादकांची नावं संशोधकांना म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन, विचारून विचारून गोळा करावी लागली. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आहे यावर, २०१२ चं, जरूर वाचा.

छापील नावसुद्धा नेहमी पूर्ण खरं सांगतं असं नाही हं. 'ब्लू इन ग्रीन' या गाण्याची रचना माइल्सच्या नावावर छापली गेली, पण बिल इव्हान्सचं म्हणणं होतं की ती त्याची आहे. पण छापलंय म्हणून निदान वाद तरी घालता येतो. कोऱ्या जागेशी काय भांडणार?

तर माझा हिशेब हा असा आहे. पैसे मी त्या मागच्या बाजूसाठी मोजते. आणि बाजू पालटायला वीस मिनिटांनी उठावं लागतं, त्या वीस मिनिटांसाठी.

आता ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी पटापट चार गोष्टी. एक, सुटकेससारखी दिसणारी स्वस्त प्लेअर्स टाळा. त्यांची सुई जड पडते, खाच झिजते. सुईचं वजन कमी-जास्त करता येईल असं टर्नटेबल घ्या. साधारण दोन ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. दोन, परदेशातून मागवताना शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच किंमत बघा. तीन, जुनी प्रत घेताना उजेडात तिरकी धरून बघा. केसासारखे बारीक चरे चालतात, पण नखाला लागणारा चरा असेल तर ठेवून द्या. चार, आपल्याकडचा पावसाळा. कोकणात, मुंबईत कव्हरला बुरशी लागते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका, भिंतीला चिकटवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात ठेवलेल्या गाडीत तर विसरूच नका, पापड होतो.

आणि ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाहीये, त्यांच्यासाठीही आहे. खरं तर हा भाग त्यांच्यासाठीच जास्त आहे. आज रात्री फोनवरच एखादा जॅझ अल्बम लावा. 'सोल स्टेशन' चालेल. ड्यूक एलिंग्टनची 'फार ईस्ट सूट' चालेल, १९६३ मध्ये तो भारतात येऊन गेला, त्या दौऱ्यातून ती सुचली, त्यात आग्र्याच्या नावाचं गाणंही आहे. पहिली तीन-चार गाणी, साधारण वीस मिनिटं, मध्ये काहीही न बघता ऐका. मग नेटवर शोधा की त्यावर कोण कोण वाजवत होतं. एक नाव निवडा. शक्यतो बेसवाल्याचं, कारण त्याच्याकडे कोणी बघत नाही. आणि तो माणूस अजून कोणाबरोबर वाजवायचा ते शोधून दुसरा अल्बम ऐका.

कोणाचं नाव सापडलं ते मला व्हॉइस नोटवर नक्की कळवा. पुढच्या भागात तुमची नावं आणि त्यांची नावं, दोन्ही वाचून दाखवेन. आणि तुमच्या घरी आजी-आजोबांच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्ड्स असतील, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा उलट्या करून मागची बाजू वाचा.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, ऐकत राहा!